भाग ३८ : दोन हात आणि झोपायच्या दोन वेळा

हा आपल्या पॉडकास्टचा लिखित भाग. जे लोकलमध्ये इअरफोन घरी विसरतात, त्यांच्यासाठी खास. नेहमीसारखंच, बोललेलं थोडं झाडून-पुसून लिहिलंय, बोली तीच ठेवली आहे.

आजचा विषय एका श्रोतीच्या व्हॉइस नोटमधून आला. या ताई जर्मनीत, श्टुटगार्टजवळ राहतात. मुलगी सात वर्षांची. घरात मोठं माणूस एकच, त्या स्वतः. गाडी छोटी आहे, पण मागे ट्रेलर जोडायचा हुक बसवलेला आहे. त्यांचा प्रश्न असा : मला आणि मुलीला पहिला कॅम्पर घ्यायचाय, सगळ्यात सोपा कुठला? दुकानदार विचारतो, माणसं किती? मी म्हणते, दोन. मग तो दोघांसाठीचे कॅम्पर दाखवतो. छान असतात, पण आत उभं राहिलं की काहीतरी खटकतं. नेमकं काय, ते मला सांगता येत नाही.

आता हा इतिहासाचा पॉडकास्ट, खरेदीचा नाही. पण ताईंना जे खटकतंय त्याचं मूळ मला इतिहासातच सापडलं. छोटे कॅम्पर गेल्या शंभर वर्षांत बहुतेक जोडप्यांसाठी बनत आले. दोघं म्हणजे नवरा-बायको किंवा मित्र-मैत्रीण. काम करायला चार हात, आणि झोपायची वेळ साधारण एकच. आई आणि मूल हीसुद्धा दोन माणसंच. पण त्यांच्यात कामाचे हात दोन असतात, आणि झोपायच्या वेळाही दोन. मूल साडेआठला झोपतं, आई अकराला. त्या अडीच तासांचं काय करायचं, हा प्रश्न छोट्या कॅम्परच्या नकाशात कुणी फारसा विचारलेलाच नाही.

तर आज आपण काही जुने कॅम्पर बघू आणि प्रत्येकाला हे दोन प्रश्न विचारू. एक : हा एकट्या माणसाला, मुलावर नजर ठेवून, लावता येईल का? दोन : मूल झोपल्यावर मोठ्या माणसाने बसायचं कुठे?

सुरू करण्याआधी शब्द स्पष्ट करून घेऊ. कॅम्परव्हॅन म्हणजे व्हॅनमध्येच घर. कॅराव्हॅन म्हणजे गाडीमागे ओढायचं घर. घडीचा ट्रेलर म्हणजे चाकांवरचा तंबू : पेटी उघडायची आणि तंबू उभा करायचा. या सगळ्यांना मिळून मी कॅम्पर म्हणतोय.

नोकर पुढे, घर मागे

साल १८८५, देश इंग्लंड. विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाचे एक स्कॉटिश डॉक्टर होते. नौदलातून निवृत्त झाल्यावर मुलांसाठी साहसकथा लिहायचे. त्यांनी ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्याकडून स्वतःसाठी एक फिरतं घर बनवून घेतलं. नाव ठेवलं ‘वॉण्डरर’, म्हणजे भटक्या. केवळ मौजेसाठी बांधलेल्या पहिल्या कॅराव्हॅन्समध्ये याची गणना होते. त्यात बसून ते दक्षिण इंग्लंडमधून थेट स्कॉटलंडच्या इन्व्हर्नेसपर्यंत गेले आणि पुढच्याच वर्षी त्यावर पुस्तक लिहिलं.

ऐकायला मस्त वाटतं. पण बरोबर कोण कोण होतं बघा. ओढायला दोन घोडे. घोडे हाकायला कोचमन. आणि एक नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जायचा, कारण अरुंद रस्त्यावर समोरून कोण येतंय हे आधी सांगणं भाग होतं. गाडीचं वजन दोन टनांच्या आसपास. म्हणजे एका साहेबाने निवांत भटकावं म्हणून दोन माणसं कामावर.

आपल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे अगदी सरळ आहे : एकट्याने जमणार नाही. हसू नका. आजही सात मीटर लांब मोटरहोम मागे घेताना कुणीतरी खाली उतरून हात दाखवावा लागतो. तो हात दाखवणारा म्हणजे तीनचाकीवरच्या त्या नोकराचाच वारस. सात वर्षांच्या मुलीला ते काम देता येत नाही. मागे सरकणाऱ्या गाडीच्या पाठीमागे मूल उभं करणं ही भलतीच धोक्याची गोष्ट आहे.

आणखी एक गोष्ट. स्टेबल्ससारख्या हौशी लोकांनी ही कल्पना घेतली ती रोमा लोकांच्या गाड्यांवरून. रोमा म्हणजे युरोपभर फिरत राहिलेला समाज, आणि त्यांची भाषा आपल्याच भाषाकुळातली. पाण्याला ते ‘पानी’ म्हणतात, कानाला ‘कान’, नाकाला ‘नाख’. ऐकलं की अंगावर काटा येतो. एकच चाकांवरचं घर डॉक्टरसाहेबांचं असलं की मौज ठरायचं, आणि रोमांचं असलं की पोलिस गावाबाहेर काढायचे. आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी कितीतरी भटक्या जमातींवर जन्मतःच शिक्का मारला. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाची वसाहत होती. तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं. फिरतं घर ही सगळ्यांसाठी एकसारखी गंमत कधीच नव्हती, एवढं लक्षात ठेवून पुढे जाऊ.

चित्रकार बायको आणि चाबूकवाला नवरा

आता ताईंच्या घरापासून फार लांब नसलेल्या गावात जाऊ. दक्षिण जर्मनीतलं इझनी. तिथे डेथलेफ्स नावाचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या चाबूक बनवायचं. मोटारी आल्या, घोडे कमी झाले, तशी त्यांनी स्कीइंगच्या हातमोज्यांसारख्या वस्तूंचीही जोड दिली. घरातला तरुण आरिस्ट हा माल विकायला आठवडेच्या आठवडे बाहेर असायचा. त्याची होणारी बायको फ्रिडेल एडेलमान चित्रकार होती. तिला त्याच्याबरोबर फिरायचं होतं आणि फिरता फिरता चित्रंही काढायची होती. तिने त्याला सुचवलं, भटक्यांच्या गाडीसारखं काहीतरी आपल्यालाही असावं.

आरिस्टने १९३१ मध्ये ते खरंच बांधलं. नाव ठेवलं ‘वोनआउटो’, म्हणजे राहायची मोटार. जर्मनीतली पहिली कॅराव्हॅन म्हणून आज तिचाच उल्लेख होतो. त्यातली हुशारी छपरात होती. रस्त्यावर छप्पर खाली, म्हणजे वारा कमी लागतो. मुक्कामी पोचलं की छप्पर वर, म्हणजे सरळ उभं राहता येतं. १९३३ मध्ये त्यांना मुलगी झाली, उर्सुला. ती पुढे स्वतः कलाकार झाली. आणि ज्यांनी रस्त्यात ती गाडी बघितली त्यांच्या मागण्या यायला लागल्या, तसा चाबकांचा कारखाना हळूहळू कॅराव्हॅनचा कारखाना झाला.

मला ही गोष्ट आवडते, कारण इथे कॅम्पर जन्माला आला तो घरातली माणसं एकत्र राहावीत म्हणून. पण नीट बघा, हीसुद्धा मुळात जोडप्याचीच गाडी. दिवसा त्याने माल विकायचा, तिने चित्र काढायचं, संध्याकाळी दोघांनी मिळून आवरायचं.

इथून उचलायची गोष्ट म्हणजे उभं राहता येणं. कपडे बदलणाऱ्या, ओलं झालेल्या, रडणाऱ्या मुलाला कंबरेत वाकून आवरणं दोन दिवस जमतं, तिसऱ्या दिवशी पाठ बोलते. छप्पर वर होणारं असो की कायमचं उंच असो, उभं राहता आलं पाहिजे.

आणि त्याच देशात, त्याच दशकात, १९३६ च्या जुलैत, बर्लिन ऑलिम्पिकच्या तोंडावर, शेकडो सिंटी आणि रोमा माणसांना त्यांच्या गाड्यांसकट उचलून शहराबाहेर मार्त्सानच्या छावणीत कोंडलं गेलं. पुढे त्यातल्या अनेकांना आउशवित्झला पाठवलं. दोन्ही गाड्या एकाच काळातल्या, म्हणून दोन्ही सांगितल्या.

अश्रूच्या आकाराची गाडी

अमेरिकेत मंदीच्या काळात, १९३० च्या दशकात, एक वेगळीच चीज रस्त्यावर आली. बाजूने बघितली तर आडवा पडलेला पाण्याचा थेंब. म्हणून तिचं नाव टीअरड्रॉप. प्लायवुडची शीट मिळते आठ बाय चार फुटांची, तीच साधारण गाडीची लांबी-रुंदी. आत फक्त गादी. मागचं झाकण वर उचललं की खाली स्वयंपाकाचा ओटा. नवऱ्याने सुतारकाम करावं, शनिवार-रविवारी बांधावी, असा सगळा मामला. १९४७ च्या सप्टेंबरमध्ये ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकाने तिचे नकाशे छापले आणि गल्लोगल्ली गॅरेजमध्ये करवती फिरायला लागल्या.

पहिल्या प्रश्नाला टीअरड्रॉप पैकीच्या पैकी मार्क घेते. हलकी आहे. छोटी गाडी ओढते. मुक्कामी पोचलात की हुक सोडा, दार उघडा, झालं. गादी कायम घातलेली असते, दिवसभर थकलेलं मूल थेट आत जाऊन झोपू शकतं.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र ती साफ नापास. साडेआठला मुलगी झोपली. आता आईने काय करायचं? शेजारी अंधारात पडून राहायचं, नाहीतर बाहेर खुर्चीवर बसायचं. जर्मनीत मे महिन्यातही पाऊस असतो, गारठा असतो. ओटा मागे, उघड्यावर. म्हणजे दूध गरम करायला छत्री. दोन मोठी माणसं असतील तर हे सगळं रोमँटिक आहे. एक मोठं माणूस असेल तर ती एक लांब, एकटी संध्याकाळ आहे.

व्हॅन, गोवा आणि खोक्यातलं घर

आता सगळ्यांच्या इन्स्टाग्रामवर असलेली गाडी. १९४७ मध्ये बेन पॉन या डच मोटार व्यापाऱ्याने वहीत एक खोक्यासारखं चित्र काढलं : फोक्सवॅगनचं इंजिन मागे, वर सरळ डबा. १९५० पासून ती व्हॅन कारखान्यातून बाहेर पडायला लागली. १९५१ मध्ये वेस्टफालिया कंपनीने त्यासाठी ‘कॅम्पिंग बॉक्स’ काढला. बॉक्स म्हणजे काढता-घालता येणारं फर्निचर. आठवडाभर व्हॅनमधून दुकानाचा माल न्या, शुक्रवारी संध्याकाळी फर्निचर आत टाका, निघा फिरायला. युद्धानंतरच्या जर्मनीत पैसे कमी होते, त्या काळात एका गाडीत दोन गाड्या मिळत होत्या.

या व्हॅनचं आपल्याशी जुनं नातं आहे. साठच्या दशकाच्या शेवटापासून युरोपातली पोरं याच व्हॅनमधून इस्तंबूल, तेहरान, काबूल करत भारतात यायची, आणि कित्येकांचा शेवटचा मुक्काम असायचा गोव्यातलं हणजुणे, म्हणजे अंजुणा. १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, वर्षाअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि तो रस्ता बंद पडला.

व्हॅनचा मोठा फायदा म्हणजे मागे काही ओढायचं नाही. मागे घेताना गोंधळ नाही. पावसात पोचलात तर बाहेर न उतरता पुढच्या सीटवरून मागे जाता येतं. मुलाबरोबर एकटं असताना ही सोय फार मोठी.

पण तोटेही तिथेच आहेत. दूध आणायला जायचं तरी अख्खं घर आवरून न्यावं लागतं, कारण घर म्हणजेच गाडी. बेड अंथरला की बसायची जागा गेली, बसायची जागा केली की बेड गेला. मी एकदा भाच्याबरोबर भाड्याच्या व्हॅनमध्ये तीन रात्री राहिलो. पोरगं साडेआठला गाढ. मी पुढच्या सीटवर स्टिअरिंगसमोर, फोनचा उजेड कमी करून बसलेलो, चिप्सचं पाकीट उघडायचीही भीती. ताईंना दुकानात जे खटकलं, ते हेच असणार.

आणि जुन्या व्हॅनच्या प्रेमात पडण्याआधी एक गोष्ट. त्या काळात मागच्या सीटला पट्टे असायलाच हवेत असा नियम नव्हता. जर्मनीत बारा वर्षांखालच्या आणि दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला चाइल्ड सीट लागते. ती नीट बसायला पुढे तोंड असलेली सीट आणि तीन ठिकाणी धरणारा पट्टा हवा. आडव्या बाकावर ती बसत नाही. फोटोत सुंदर दिसणाऱ्या गाडीत मुलाला सुरक्षित बसवता येईल का, हे आधी बघा, रंग मग.

भिंतीपलीकडची सोपी उत्तरं

पूर्व जर्मनीत परदेशी जाणं अवघड, गाडी मिळायला वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची, आणि मिळाली तरी ती ट्राबांट. २६ अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक इंजिन. आपल्या साध्या मोटरसायकलच्या साधारण तिप्पट ताकद, बस. तरी लोकांना बाल्टिक समुद्रावर सुट्टीला जायचं होतंच. मग दोन गोष्टी निघाल्या.

एक, ‘क्लापफिक्स’. नावातच सगळं आहे : क्लाप म्हणजे घडी, फिक्स म्हणजे झटपट. ओल्बर्नहाउ गावात बनणारी ही पेटी उघडली की त्यातून तंबू उभा राहायचा. घडीचे ट्रेलर आजही मिळतात, स्वस्त असतात, हलके असतात. पण झटपट हा शब्द चार हातांच्या हिशेबाचा. एकाने कापड ताणायचं, दुसऱ्याने खांब लावायचा. एकट्याने पावसात, मूल गाडीत कंटाळलेलं असताना, ते झटपट राहत नाही. शिवाय ओला तंबू घडी घालून घरी आणला की वाळवायला जागा लागते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने हे दोनदा मोजावं.

दुसरी गोष्ट, ‘क्यूईके ज्युनिअर’. फायबरचं गुळगुळीत, छोटं अंडं, ट्राबांटनेही ओढावं इतकं हलकं. गंमत अशी की साधारण त्याच काळात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, कॅनडातल्या विनिपेगमध्ये, कुणीतरी हेच करत होतं.

रे ओलेको नावाचा माणूस फायबरग्लासच्या सेप्टिक टँक बनवायच्या धंद्यात होता. हो, सेप्टिक टँक. त्याच्या डोक्यात आलं, टाकी जर हलकी, मजबूत आणि न गळणारी बनते, तर घरच्यांसाठी कॅम्पर का नाही बनणार? १९६८ मध्ये त्याने ‘बोलर’ आणला. १३ फूट लांब, वजन ४०० किलोच्या आसपास. गोल टोपीसारखा दिसतो म्हणून टोपीच्या नावावरून नाव. दोन साच्यांतून दोन अर्धी कवचं काढायची, एकावर एक ठेवून जोडायची.

हे कवच इतकं महत्त्वाचं का? कारण जुन्या कॅराव्हॅनला मारते ती ओल. नेहमीच्या कॅराव्हॅनमध्ये लाकडी सांगाडा असतो, वर पत्र्याचे तुकडे, आणि प्रत्येक सांध्यातून कधीतरी पाणी आत शिरतं. बाहेरून चकाचक, आतून लाकूड भुसभुशीत. पहिल्यांदा घेणाऱ्याला ते दिसत नाही. फायबरच्या अंड्यात सांधेच कमी, म्हणून फसायच्या जागाही कमी. खिडक्यांच्या कडा तेवढ्या तपासायच्या. पन्नास वर्षांपूर्वीचे बोलर आजही रस्त्यावर दिसतात ते यामुळेच.

आणि आता आपला दुसरा प्रश्न. बोलरच्या नेहमीच्या मांडणीत मागच्या टोकाला टेबल आणि बाकं, त्यांचा बेड होतो. पुढच्या टोकाला आणखी एक बाक, त्यावर एक जण झोपू शकतो. मधे ओटा. मूल एका टोकाला झोपलं तरी दुसऱ्या टोकाला टेबल शिल्लक राहतं. मधे एक पडदा ओढला की झालं. आईला बसायला जागा, छोटा दिवा, चहा, पुस्तक, डोक्यावर छप्पर. आई झोपायला निघाली की टेबल खाली करून आपला बेड घालेल, त्यासाठी मुलाला उठवावं लागत नाही.

ओलेकोने हे घरच्यांसाठी बनवलं, आणि ते आत शिरल्याबरोबर जाणवतं. या सगळ्या गाड्यांत दोन हात आणि झोपायच्या दोन वेळा, या दोन्हीत पास होणारी मला हीच सापडली.

मग ताई, घ्यायचं काय?

तुम्ही जर्मनीत बोलर शोधत बसू नका, तो तिकडचा. गाडीच्या नावापेक्षा मांडणी बघा. माझं मत स्पष्ट सांगतो. पहिला कॅम्पर म्हणून तुमच्यासाठी छोटी, कडक भिंतींची, दोन टोकांची कॅराव्हॅन. कॅम्परव्हॅन नको, घडीचा ट्रेलरही नको. कारणं आणि तपासायच्या गोष्टी एकेक करून बघू.

वजन. तुमच्या बी वर्गाच्या लायसन्सवर ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर चालतो. त्याहून जड चालतो, पण गाडी आणि ट्रेलरची मिळून परवानगी असलेली कमाल वजनं ३५०० किलोच्या आत हवीत. शिवाय तुमची गाडी स्वतः किती ओढू शकते, ते गाडीच्या कागदांवर लिहिलेलं असतं. आधी तो आकडा, मग दुकान. स्वतःचा ब्रेक असलेला ट्रेलर मिळाला तर उत्तम. गाडी हळू झाली की तो मागून ढकलत नाही, आपला आपण थांबतो.

हाताने ढकलता येईल का. मागे घेताना ट्रेलर उलट्या दिशेने वळतो, आणि ही सवय व्हायला वेळ लागतो. छोट्या कॅराव्हॅनची गंमत अशी की सपाट जमिनीवर हुक सोडून ती हाताने जागेवर लावता येते. मुलीला आधी लांब, नजरेसमोर बसवा. त्याआधी एखाद्या रविवारी मोकळ्या पार्किंगमध्ये तासभर मागे घ्यायचा सराव करा.

सामान. जड वस्तू चाकांच्या वर, खाली ठेवा. मागच्या टोकाला पाण्याचे कॅन भरले तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागतो. जर्मनीत ट्रेलर असताना हायवेवर ताशी ८० चीच मर्यादा आहे. १०० ची परवानगी वेगळी घ्यावी लागते. तुम्ही ८० वरच सुखी राहा.

मुलगी नेहमी गाडीत. कॅराव्हॅन चालू असताना आत माणसं बसवायला जर्मनीत बंदी आहे. ती झोपली असेल, मागे गादी तयार असेल, तरी नाही म्हणजे नाही.

ओल. जुनी घेत असाल तर कोपरे, खिडक्यांच्या खालच्या कडा, कपाटाची आतली बाजू अंगठ्याने दाबून बघा. मऊ लागलं तर निघून या. दार उघडल्या उघडल्या कुबट वास आला तरी निघून या. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी शाबूत असली तरी टायर म्हातारा होतो.

गॅस. गॅसच्या तपासणीचा कागद मागा, ती दर दोन वर्षांनी करून घ्यायची असते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. तो वायू दिसत नाही, वासही येत नाही. आणि कोळशाची शेगडी, विझत आलेली का असेना, थंडीत ऊब म्हणून कधीही आत आणायची नाही.

शौचालय. यासाठी मोठी कॅराव्हॅन घेऊ नका. पहिलं वर्ष चांगल्या सोयींच्या कॅम्पसाइटवरच राहा, आणि रात्रीसाठी एक छोटं, हातात उचलता येईल असं टॉयलेट ठेवा. रात्री दोन वाजता मुलीला अंधारातून शंभर पावलं नेणं, किंवा तिला एकटं सोडून स्वतः जाणं, दोन्ही टळतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : घ्यायच्या आधी तसलीच एक दोन रात्रींसाठी भाड्याने घ्या. दुकानात सगळे कॅम्पर दुपारी बघतात. तुम्ही रात्री साडेआठ ते अकरा बघा. मुलगी झोपलीय, बाहेर पाऊस आहे, आणि तुम्ही आत आहात. तुम्हाला बसता येतंय का? चहा करता येतोय का? तिला न उठवता स्वतःचं अंथरूण घालता येतंय का? तीन हो मिळाले की सौदा करा.

महाराष्ट्रातल्या मंडळींसाठी

आपल्याकडे स्वतःची कॅराव्हॅन ओढत नेणारे फार थोडे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. भाड्याच्या कॅराव्हॅन अनेकदा ड्रायव्हरसकट मिळतात. म्हणजे आपण पुन्हा स्टेबल्स साहेबांच्या कोचमनपाशी आलो! पण एकट्या आईला किंवा बापाला ते सोयीचंच आहे : हातांचा प्रश्न तिथेच सुटतो. उरतो झोपेचा. बुक करताना आत बेड किती असं विचारण्याऐवजी, मूल झोपल्यावर बसायला जागा उरते का, आणि ड्रायव्हर रात्री कुठे थांबणार, हे दोन प्रश्न विचारा.

मला या सगळ्या इतिहासात एक गोष्ट लागून राहते. फ्रिडेलला फक्त बरोबर जायचं होतं, आणि तेवढ्याशा इच्छेतून एक अख्खा उद्योग उभा राहिला. एकट्या आया आणि एकटे बाप दुकानात जाऊन ‘दोघांचा’ कॅम्पर बघतात, काहीतरी खटकतं, आणि ‘आपल्याला नाही जमणार’ म्हणून परत येतात. न जमण्यासारखं काही नसतं. गाडी दुसऱ्या कुणासाठी आखलेली असते, एवढंच. आपलं माप माहीत असलं की गाडी सापडते.

तुमच्यापैकी कुणी मुलाला घेऊन एकट्याने असा प्रवास केला असेल तर व्हॉइस नोट पाठवा. विशेषतः साडेआठ ते अकरा काय केलंत, ते सांगा. पुढच्या भागात रेल्वेच्या स्लीपर डब्याचा इतिहास, म्हणजे झोपायच्या बहात्तर वेळा आणि एकच दिवा. तोवर काळजी घ्या, भेटू.